शिकारी बूट डोंगरावर: काय करावे, काय टाळावे

रॉकीज पर्वतात एल्क आणि डोंगरी मेंढ्यांच्या मागावर दिवसदिवस भटकणारे शिकारी, आल्प्सच्या कड्यांवर शॅम्वा टिपणारे शिकारी, यांच्यासाठी जाड चामड्याचे, घोट्याच्या बरेच वर जाणारे बूट बनतात. केनेट्रेक, क्रिस्पी, हानवाग, माइंडल ही त्यातली मातबर नावं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटत गेला, पण बूट मात्र येतात. कुणाचा भाऊ डेन्व्हरहून येताना घेऊन येतो, कुणी ऑनलाइन मागवतं, आणि मग ते हिमालयातल्या मोरेनवर नाहीतर ऐन आषाढात हरिश्चंद्रगडावर जातात. विचारणा एकच असते: टिकतील का?

चामडं टिकतं. त्याच्या आधी शिवण उसवते, सोलचं सोल्युशन सुटतं, टाचेखालचा फोम भुगा होतो, आतलं वॉटरप्रूफ अस्तर फाटतं. पुढची यादी मुख्यतः या बाकीच्या मंडळींसाठी आहे.

घेताना

करा: चामडं कोणतं ते नीट विचारा. ‘फुल ग्रेन’ म्हणजे कातड्याचा सर्वांत वरचा, घट्ट विणीचा थर शाबूत ठेवलेला. नुबक म्हणजे तोच थर, वरून हलका घासून मखमली केलेला. स्वेड हा खालचा, सोलून वेगळा काढलेला थर. तो पाणी लवकर पितो आणि खडकावर लवकर झिजतो. डोंगरासाठी अडीच ते तीन मिलिमीटर जाडी भरवशाची. केनेट्रेकच्या ‘माउंटन एक्स्ट्रीम’चं चामडं २.८ मिलिमीटरचं आहे. नुसत्या ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर जाऊ नका. माल चामड्याचा आहे एवढंच तो सांगतो. कोणत्या थराचा, किती जाड, याबद्दल चकार शब्द नाही.

करा: तुकडे मोजा. वरचा भाग जितक्या कमी तुकड्यांत शिवलेला तितका बरा. दुकानात बूट हातात घेऊन चवड्याजवळ वाकवा आणि घडी नेमकी कुठे पडते ते बघा. त्या घडीवरूनच शिवण जात असेल तर बूट परत ठेवा. तिथला दोरा प्रत्येक पावलाला ताणला जातो, त्यात वाळू शिरते, आणि चामडं नवंकोरं असताना करंगळीपाशी बूट तोंड उघडतो.

करा: सोलच्या वर, बुटाभोवती रबराचा पट्टा आहे का ते पाहा. सुट्या दगडधोंड्यांतून चालताना सगळा मार तिथेच बसतो. तो पट्टा पुढून मागून सलग असेल तर उत्तम, निदान पुढच्या टोकाला तरी हवाच.

टाळा: ‘४०० ग्रॅम’, ‘८०० ग्रॅम’ असं लिहिलेले बूट. हे बुटाचं वजन नव्हे. आतल्या उबदार अस्तराचं, दर चौरस मीटरमागचं वजन आहे. बर्फात तासन्‌तास एका जागी दबा धरून बसणाऱ्या माणसाची ती सोय आहे. चालणाऱ्याचा पाय त्यात उकडतो, घामाने भिजतो आणि मुक्कामावर पोचल्यावर त्याच घामाने गारठतो. सह्याद्रीसाठी शून्य ग्रॅम. उन्हाळ्यातल्या हिमालयासाठीही शून्य.

टाळा: निव्वळ ऐटीसाठी दहा इंची उंची. आठ इंच बहुतेक ठिकाणी पुरते. उंच, जाड चामडं काटेरी झुडपांत उपयोगी पडतं, कोकणात फुरशाच्या तोंडून वाचण्याची शक्यताही वाढवतं. हमी मात्र देत नाही, तेव्हा पाय टाकण्याआधी बघण्याची सवय सोडू नका. दुसरीकडे, दहा इंची जोडी दोन किलोंच्या आसपास भरते, आणि पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतकं दमवतं. शिवाय उभ्या चढाला घोटा पुढे वाकायचा असतो. उंच बूट तिथेच आडवा येतो.

करा: नंबर मागवताना गोंधळ टाळा. आपल्याकडचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे. पुरुषांचा अमेरिकन नंबर साधारण एकाने मोठा असतो. आपला आठ म्हणजे तिकडचा नऊ. रुंदीही सांगा: ‘डी’ मध्यम, ‘डबल ई’ रुंद. जन्मभर चपलेत वावरलेल्या पायाचा पंजा पसरलेला असतो, आणि इटालियन साचे बरेचदा अरुंद निघतात. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून बघा. लेस न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट जायला हवं. मग लेस बांधून जिना उतरा. अंगठा पुढे टेकला तर अर्धा नंबर वाढवा. उतारावर नखं काळी-निळी होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

टाळा: कॅमोफ्लाज नक्षी. लडाख-अरुणाचलच्या चौक्यांवर फौजी ठिपक्यांचे बूट कशाला घातलेत, याचं उत्तर देत बसावं लागतं.

पाय बसेपर्यंत

करा: जाड चामड्याला वेळ द्या. आधी घरात, मग सोसायटीच्या आवारात, मग टेकडीवर, मग पाठपिशवीसह, असे दोन-तीन आठवडे तरी. पर्वती किंवा वेताळ टेकडीवर सकाळी हे बूट घालून जाल तर लोक बघतील. बघू द्या.

टाळा: बूट पाण्यात बुडवून, पायात तसेच वाळेपर्यंत चालण्याचा जुना फौजी उपाय. खिळ्यांच्या आणि निव्वळ शिवणीच्या बुटांना तो चालला असेल. आजच्या बुटात आत फोम, अस्तर आणि सोल्युशन आहे.

टाळा: नवे बूट घालून थेट लांब ट्रेक. टाचेवर फोड आला तर दोष बुटाचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

डोंगरात

करा: चढाला वरच्या हुकांची लेस थोडी सैल ठेवा, उतार लागायच्या आधी थांबून पुन्हा कसा. घोट्याच्या वळणावर लेसला एकाऐवजी दोन पीळ द्या. खालचा ताण खाली आणि वरचा वर राहतो, टाच उचलली जात नाही. टाच हलली नाही तर फोड येत नाही, आणि आतलं अस्तरही टाचेपाशी घासून फाटत नाही. आत पाणी शिरायला सुरुवात होते ती बहुधा या टाचेच्या भोकातूनच, आणि लोक मात्र बाहेरून मेण चोळत बसतात.

करा: लोकरी मोजे वापरा. सुती मोजा घाम धरून ठेवतो.

करा: दुपारच्या थांब्याला बूट काढून उपडे झटका. जीभ आणि बूट यांना जोडणारी जी मऊ घडी असते तिच्यात बोट घालून खडे, कुसळं, वाळू काढा. ही घडीच चिरली की घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहण्याची बुटाची क्षमता संपली. गवताळ पठारावरून चालायचं असेल तर गेटर्स लावा.

टाळा: बूट घालून नदी ओलांडणं. हमता खिंडीच्या वाटेवर असो की आणखी कुठे, पाणी घोट्याच्या वर आहे असं दिसलं की सँडल काढा. दहा मिनिटं वाचवायला गेलात तर दोन दिवस ओल्या बुटात काढाल, कारण जाड चामडं एका रात्रीत वाळत नाही. झांस्करच्या चादरीवर तर जाणती माणसं गमबूट घालतात. गोठलेल्या नदीवर साचलेल्या पाण्यापुढे महागडं चामडंही हात टेकतं.

टाळा: पावसाळी सह्याद्री. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात, म्हणून सविस्तर. बुटाच्या आतलं अस्तर बहुधा गोअर-टेक्स किंवा त्याच्या जातीचं असतं. बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनचाच पदार्थ झटक्यात ताणून जो सच्छिद्र पापुद्रा मिळवला, तो याचा पूर्वज. त्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तर. जुलैत भीमाशंकरच्या जंगलात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, वरचं चामडंही चिंब. वाफेला जायला जागा उरत नाही. त्यात ओहोळ गुडघ्यापर्यंत. पाणी वरच्या तोंडातून एकदा आत गेलं की तेच अस्तर त्याला बाहेर पडू देत नाही, आणि बूट पखालीसारखा भरून राहतो. दोन किलोंची जोडी आणखी जड होते, पायाची कातडी पांढरी पडून सोलते. त्याहून वाईट म्हणजे सोल. थंडीत आणि कोरड्या दगडावर झिजू नये म्हणून बनवलेलं कडक रबर शेवाळलेल्या बेसॉल्टवर घसरतं. इथे जाळीचे, पाणी आलं तसं जाऊ देणारे, मऊ रबराच्या सोलचे हलके बूट बरे. अ‍ॅक्शनचे स्वस्तातले ट्रेकिंग शूज सह्याद्रीत इतकी वर्षं चालले ते काही फक्त किमतीमुळे नाही.

करा: दिवाळीनंतर मात्र हेच बूट बाहेर काढा. नळीच्या वाटेसारख्या धोंड्यांनी भरलेल्या घळीत, निसरड्या मुरमावर, पाठीवर मुक्कामाचं ओझं असताना त्यांचा ताठपणा कामी येतो. धारदार दगडाच्या कडेवर अर्धंच पाऊल टेकलं तरी तळवा वळत नाही. सांदण दरीला नेऊ नका, तिथे थंडीतही डोहांतून जावं लागतं.

करा: क्रॅम्पॉन लावायचे असतील तर पट्ट्यांनी बांधायचे घ्या. मागे-पुढे खटक्याने बसणारे क्रॅम्पॉन पूर्ण ताठ सोलच्या, टाचेला आणि पुढे खाच असलेल्या गिर्यारोहणाच्या बुटांसाठी असतात. शिकारी बूट कितीही दणकट दिसला तरी चालताना थोडा वाकतो, आणि वाकणाऱ्या बुटावरून खटक्याचा क्रॅम्पॉन नको त्या जागी सुटतो.

ओले झाल्यावर

टाळा: शेकोटी, चूल, बुखारी, हीटर, गाडीचं तापलेलं डॅशबोर्ड. या यादीतलं एकच काही पाळायचं असेल तर हे पाळा. ओल्या चामड्याचे तंतू उष्णतेने आक्रसतात आणि वाळल्यावर तसेच कडक राहतात. आतली चरबी निघून जाते, घडीवर तडे पडतात, आणि ते तडे कोणत्याही मलमाने भरत नाहीत. सोलचं सोल्युशन तर त्याही आधी मऊ पडतं. लडाख-स्पितीच्या मुक्कामी संध्याकाळी बुखारीभोवती बुटांचं रिंगण लागलेलं असतं. आपले त्यातून उचलून भिंतीपाशी ठेवा, यजमान आग्रहाने पुढे सरकवतील तरी. हाताला ऊब सुखाची वाटते तिथपर्यंत ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर बुटालाही ते जास्तच आहे.

करा: आतला इनसोल काढा, लेस पूर्ण सैल करा, जीभ पुढे ओढा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. तासा-दोन तासांनी बोळे बदला. भरून विसरलात तर ओला कागद आतच राहतो आणि सकाळी वास येतो. घरी असाल तर बूट आडवे करून पंख्यासमोर ठेवा. तळ जमिनीला टेकला की तिथली ओल तिथेच राहते.

करा: गोठवणाऱ्या थंडीत रात्री बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी घ्या. बाहेर राहिले तर पहाटे त्यांत पाय जात नाही. जबरदस्तीने घातलात तर गोठलेलं, ताठरलेलं चामडं घडीवर मोडतं.

करा: चिखल त्याच दिवशी धुवा. साधं गार पाणी, मऊ ब्रश, बस. वाळणारा चिखल चामड्यातला ओलावा आणि तेल ओढून घेतो. गोठ्याजवळचा चिखल तर मुळीच राहू देऊ नका, शेण-मूत दोरा कुजवतं.

टाळा: वॉशिंग मशिन. कपड्यांचा साबणही.

तेल आणि मेण

टाळा: खोबरेल. प्रत्येक घरात कुणीतरी हा सल्ला देतंच. कोल्हापुरी चपलेला तेल चोळतात म्हणून बुटालाही चालेल, असा तर्क असतो. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, चप्पल नरम झालेलीच हवी. डोंगरातल्या बुटाचं चामडं बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं, आणि घोट्याला धरून ठेवणं हे त्याचं काम. पातळ तेल आत मुरतं, चामडं लिबलिबीत होतं, मग घोट्याचा आधार गेला. वर थंडीत खोबरेल गोठतं, उन्हाळ्यात पाझरतं, जुनं झालं की खवट होतं. गावातल्या पडवीत ठेवलेत तर त्या वासाने उंदीरही येतील. तिळाचं तेल, तूप, व्हॅसलीन, सगळ्यांना हाच नियम.

टाळा: नेहमीचं बूट पॉलिश हेच संरक्षण समजणं. ते ऑफिसच्या चकाकीसाठी ठीक.

करा: मेणाचं, शक्यतो मधमाशीच्या मेणाचं, बुटांसाठीच असलेलं मलम घ्या. बोटांनी लावा, बोटाच्या उबेने ते मऊ होतं आणि किती लागतंय ते कळतं. शिवणीवर, घडीवर आणि जिभेच्या सांध्यावर जास्त, बाकी ठिकाणी पातळ. रात्रभर ठेवून सकाळी उरलेलं पुसून टाका. डब्यावरची सूचना वाचा: काही मलमं ओलसर चामड्यावर लावायची असतात, काही कोरड्यावर.

करा: कधी लावायचं ते बुटालाच विचारा. थोडं पाणी शिंपडा. थेंब गोळा होऊन ओघळले तर अजून वेळ आहे. पसरून डाग गडद झाला तर वेळ झाली.

टाळा: दर रविवारी थापणं. थरावर थर साचले की चामड्याची छिद्रं बुजतात आणि आतल्या महागड्या अस्तराचा उपयोग संपतो. नुबकवर मेण लावाल तर मखमल जाऊन ते काळसर, गुळगुळीत होईल, आणि पुन्हा पूर्वीसारखं होणार नाही. ते चालणार असेल तर खुशाल लावा. पाण्यासाठी मेणच बरं. नसेल तर नुबकचा फवारा मिळतो.

सोल

सोलचा इतिहास दोन ओळींत. १९३५ मध्ये इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांच्या मोहिमेतले सहा जण पुन्ता रासिकावर वादळात सापडून गेले. चढाईसाठी घातलेले हलके बूट बर्फातल्या उतरणीला कुचकामी ठरले होते. त्यानंतर ब्रामानींनी पिरेल्लीच्या मदतीने खोल खाचांचा रबरी सोल घडवला, तो १९३७ मध्ये बाजारात आला. विब्रम हे नाव त्यांच्याच नावातून बनलं. १९५४ मध्ये के-टूवर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियनांच्या पायात हेच सोल होते. पण तळावरचा पिवळा शिक्का फक्त बाहेरच्या रबराबद्दल बोलतो. त्या रबराच्या आणि चामड्याच्या मध्ये काय भरलंय, ते वेगळं विचारायला हवं.

करा: मधला थर पॉलियुरेथेनचा आहे का ते शोधा आणि बूट बनल्याची तारीख बघा, बरेचदा ती जिभेच्या आतल्या पट्टीवर असते. हा फोम हवेतल्या दमटपणाने रासायनिकरीत्या तुटत जातो, वापरा किंवा नका वापरू. पाच ते दहा वर्षांत त्याचा भुगा होतो, आणि मुंबई-कोकणच्या हवेत घड्याळ जोरात चालतं. मजा अशी की नियमित वापरलेला जोड यात बरा राहतो, आणि ‘चांगले आहेत, जपून ठेवलेत’ म्हणून माळ्यावर टाकलेला जोड पहिल्याच चढावर तळ सोडतो.

करा: प्रत्येक मोठ्या ट्रेकच्या आठवडाभर आधी मधल्या थरात अंगठ्याचं नख रुतवा. खळगा भरून आला तर ठीक. चुरा निघाला, बारीक तडे दिसले किंवा चिकट लागलं, तर ते बूट नेऊ नका. कोपऱ्यावर सोल सुटतोय का, तेही वाकवून बघा.

टाळा: म्हणूनच, ऑनलाइन सवलतीत मिळणारा कित्येक वर्षांपूर्वीचा ‘नवाकोरा’ जोड.

करा: पाठपिशवीत जादा लेस, चांगली चिकटपट्टी आणि थोडी बारीक तार ठेवा. सोल सुटलाच तर चवड्याभोवती आणि कमानीखालून बांधून गावापर्यंत येता येतं. लेस कमानीखालून घ्या, टाचेखालून नको. तिथे ती अर्ध्या तासात तुटते.

टाळा: कोपऱ्यावरच्या कारागिराला ‘जरा दोन टाके मारून द्या’ एवढंच सांगणं. त्याच्या हातात कसब आहे, पण बुटाच्या आत मोज्यासारखं बसवलेलं अस्तर त्याला बाहेरून दिसत नाही. त्याची आरी चामड्यातून आरपार गेली की प्रत्येक टाका म्हणजे अस्तराला एक भोक. शिवण मजबूत, बूट गळका. आत अस्तर आहे हे आधी सांगा. सोल्युशनने भागत असेल तर टाके नकोत. टाके घालायचेच असतील तर ते सोलच्या बाहेर आलेल्या काठावरच.

करा: घेतानाच विचारा की सोल बदलता येतो का. काठावर शिवलेल्या किंवा नीट खरवडून पुन्हा चिकटवता येणाऱ्या रचनेत येतो. हानवाग, माइंडल, लोवा या बव्हेरियातल्या कंपन्या तिकडे ही सोय देतात. नातेवाईक जर्मनीत असतील तर त्यांच्या पुढच्या खेपेचा उपयोग करून घ्या. खर्च कमी नाही, पण वरचं चामडं चांगलं असेल तर नव्या जोडीपेक्षा तो परवडतो.

पावसाळाभर ठेवताना

करा: स्वच्छ, पूर्ण वाळलेले, हलकं मेण लावलेले बूट हवेशीर जागी ठेवा. आत कोरडा कागद, महिन्यातून एकदा बदललेला. पंधरवड्यातून एकदा घरातच घालून फिरा.

टाळा: प्लॅस्टिकची बंद पिशवी, मूळ खोकं, पलंगाखालचा कप्पा. तिन्ही ठिकाणी बुरशी येते. आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडकं फिरवा आणि सावलीत वाळवा. उन्हात नको, तिथे पुन्हा चामडं कडक.

निवृत्त कधी करावेत

घडीवरचा तडा आरपार गेला, टाचेचा आतला ताठ भाग मोडून बूट एका बाजूला कलंडला, किंवा सोल बदलूनही टाच आत हलायला लागली, तर डोंगरासाठी तो जोड संपला. खाचा झिजणं आणि लेसचा हूक तुटणं ही मात्र निवृत्तीची कारणं नव्हेत. हूक कुठलाही चांगला कारागीर दहा मिनिटांत बदलून देतो. निवृत्त जोडीचे चांगले हूक आणि लेस काढून ठेवा, आणि बूट कुणाला देणार असाल तर आधी तळ तपासून, मगच द्या.